खंडणीचा उतरता भाव

पाच लाख डॉलर, मग पन्नास हजार, शेवटी दहा हजार. 'रूथलेस पीपल' या १९८६ सालच्या अमेरिकी चित्रपटात बार्बरा स्टोन नावाच्या श्रीमंत बाईच्या सुटकेची किंमत अशी उतरत जाते. तिला पळवणारे केन आणि सँडी हे तरुण जोडपे मुळीच सराईत नाही. सँडीने काढलेल्या स्कर्टच्या डिझाइनवर बार्बराचा नवरा सॅम गबर झाला, तिला मात्र छदामही मिळाला नाही. तो हिशेब चुकता करण्यासाठी त्यांनी त्याची बायको उचलली. 'पोलिसांना कळवलेस तर तिला मारू,' अशी धमकी येताच सॅम तातडीने पोलिसांना कळवतो. कारण बायकोच्या इस्टेटीसाठी तो स्वतःच तिला मारायला निघालेला असतो. आयते काम होत असेल तर पैसे कशाला मोजायचे?

तळघरात कोंडलेल्या बार्बराला आपला भाव घसरल्याचे कळते, तेव्हा ती कोसळते. भीतीपेक्षा अपमान मोठा असतो. बेट मिडलरने हा प्रसंग असा केला आहे, की हसता हसता आपण ओशाळतो. पुढे सँडीशी तिची मैत्री होते, नवऱ्याचा बेत उघड होतो आणि बाई पळवणाऱ्यांना सामील होते. आता खंडणीचा आकडा तीच ठरवते आणि तो सरळ वीस लाखांच्या पुढे जातो. अपहरण संपते आणि अपहरणाचे नाटक सुरू होते.

या विनोदाचे मूळ बहुतेक जण ओ. हेन्रीच्या 'द रॅन्सम ऑफ रेड चीफ' या १९०७ सालच्या कथेत शोधतात, आणि ते बरोबरच आहे. दोन भामटे दहा वर्षांच्या पोराला पळवून पंधराशे डॉलर मागतात. पोर इतके द्वाड, की बाप उलट निरोप धाडतो : अडीचशे डॉलर द्या, तर परत घेतो. पण ओ. हेन्रीच्या कथेतले घर शाबूत आहे. पोरगा अखेर घरीच येतो.

ते घर मोडण्याचे काम १९५९ सालच्या 'टू मेनी क्रुक्स' या ब्रिटिश चित्रपटाने केले. दिग्दर्शक मारिओ झाम्पी. एक बावळट टोळी धनिकाच्या मुलीला पळवायला जाते आणि चुकून त्याची बायको उचलून आणते. टेरी-थॉमसने रंगवलेला नवरा कर चुकवून रोकड लपवणारा आहे. बायको गेल्याचे त्याला दुःख नाही, तेव्हा तो पैसे द्यायचे नाकारतो. लूसी हे नाव धारण करणारी ती सोशीक बाई मग युद्धकाळातल्या लष्करी शिस्तीने टोळीचा ताबा घेते आणि नवऱ्याच्या पैशांमागे लागते. 'रूथलेस पीपल'चा सांगाडा इथे सत्तावीस वर्षे आधी उभा आहे.

हॉलीवूडला अशी कथा त्या काळात सोपी नव्हती. १ मार्च १९३२ रोजी वैमानिक चार्ल्स लिंडबर्गचा वीस महिन्यांचा मुलगा पळवला गेला. पन्नास हजार डॉलर दिले गेले, पण मूल जिवंत परतले नाही. सारा देश हादरला. त्याच वर्षी अपहरणाविरुद्ध संघराज्याचा कायदा झाला. पुढे चित्रपट उद्योगाच्या आचारसंहितेतही अटी आल्या : अपहरण हा मुख्य विषय नसावा, पळवलेली व्यक्ती लहान मूल नसावी, गुन्हेगारांना लाभ होऊ नये, शिक्षा व्हावी. ही संहिता १९६८ साली मोडीत निघाली. 'रूथलेस पीपल'चा शेवट या अटींशेजारी ठेवून पाहावा. पैसे पळवणाऱ्यांकडेच राहतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो.

आपल्याकडे ही कल्पना लगेच रुजली. १९९३ साली रामगोपाल वर्मा यांची निर्मिती असलेला तेलुगू 'मनी' आला. त्यात दोन कडके तरुण आहेत आणि बायको नको असलेला नवरा परेश रावल यांनी केला आहे. नायिका आपली रेणुका शहाणे. २००१ साली त्याचा हिंदी अवतार 'लव्ह के लिए कुछ भी करेगा' निघाला. मराठीत त्याआधीच, १९८७ साली, सचिन पिळगावकरांचा 'गंमत जंमत' येऊन गेला होता. पैशांची नड असलेले दोन मित्र, सचिन आणि अशोक सराफ. त्यांनी पळवलेली श्रीमंत मुलगी, वर्षा उसगांवकर. त्यांचा हा पहिलाच मराठी चित्रपट. किशोरकुमार यांनी यात मराठीत गायले, म्हणून आज चित्रपटापेक्षा गाणे अधिक आठवते.

'गंमत जंमत' मात्र बार्बराच्या वाटेने जात नाही. तिथे पळवलेली मुलगी पळवणाऱ्याच्या प्रेमात पडते. ही वळणे परदेशातून आली असे म्हणून आपण मोकळे होतो, पण मराठी प्रेक्षकाला संगनमताचे अपहरण नवे नव्हतेच. १८८२ साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आले. बलरामाने सुभद्रेसाठी दुर्योधन ठरवला आहे, तिचे मन अर्जुनावर आहे. कृष्ण सूत्रे हलवतो, घटोत्कच तिला उचलून नेतो, अर्जुन संन्यासी होऊन तिच्याच घरी पाहुणचार झोडतो. पळवण्याचा कट वधूच्या भावानेच रचलेला! प्रणय, फसवाफसवी, अपहरण आणि हशा यांचे हे मिश्रण शंभर वर्षांहून अधिक काळ आपण गाण्यांसकट मनात जपले आहे. 'गंमत जंमत'ची मुलगी मला त्या सुभद्रेची नात वाटते.

दोन्हीकडे अपहरण खोटे आहे, पण त्याचे काम वेगळे. सुभद्रेचे हरण लग्न जुळवते. बार्बराचे हरण लग्न मोडते. सुभद्रेसाठी भांडणारे दोन पक्ष आहेत, तिला कुणी नको म्हणत नाही. बार्बराच्या कथेत दारावर खंडणीची चिठ्ठी येते आणि घरातल्या माणसाची किंमत पहिल्यांदाच आकड्यात मांडली जाते. कुणी किती देईल, हा प्रश्न एरवी घरात कुणी विचारत नाही. म्हणून या चित्रपटांतला खरा गुन्हा पळवण्याचा नाहीच. तो आधीच घडून गेलेला असतो, दिवाणखान्यात, रोजच्या जेवणाच्या टेबलावर. भुरटे चोर फक्त त्याची पावती आणून देतात.

'रूथलेस पीपल'च्या शेवटी सॅम समुद्रावरच्या धक्क्यावर उभा आहे. पैसे गेले आहेत आणि बायको समोर आहे, धडधाकट, आधीपेक्षा सडपातळ. ती त्याला लाथ घालून पाण्यात ढकलते. सुभद्रेच्या कथेत शेवटी वरमाला असते. इथे बार्बराला कुणी अर्जुन मिळत नाही आणि तिला त्याची उणीव भासलेली दिसत नाही.