सॅम्युएल स्नोचे ७२५ डॉलर



सिएटलला कोणी पाहुणे आले की आम्ही त्यांना डिस्कव्हरी पार्कला नेतो. समुद्र बघायचा, दीपगृहापाशी फोटो काढायचे आणि घरी. हे पार्क म्हणजे पूर्वीची फोर्ट लॉटनची लष्करी छावणी. तिथल्या जुन्या दफनभूमीत मोडक्या खांबाच्या आकाराचा एक दगड आहे. ती कबर गुग्लिएल्मो ऑलिव्होत्तो या इटालियन युद्धकैद्याची.

१४ ऑगस्ट १९४४ च्या रात्री छावणीत काळे सैनिक आणि इटालियन कैदी यांच्यात मोठी दंगल झाली. सकाळी ऑलिव्होत्तो फासाला लटकलेला सापडला. ४३ काळ्या सैनिकांवर आरोप ठेवले. त्या सगळ्यांना मिळून बचावाचे वकील दोन, आणि तयारीला धड दोन आठवडेही नाहीत! सरकारी वकील होते लिऑन जवॉर्स्की, पुढे वॉटरगेट प्रकरणात गाजले तेच. २८ जण दोषी ठरले. त्यात फ्लोरिडाच्या लीसबर्गचा विशीतला सॅम्युएल स्नो होता. त्याच्यावर दंगलीचा ठपका आला. वर्षाहून जास्त तुरुंगवास, वर लष्करातून बेइज्जत होऊन हकालपट्टी. म्हणजे जीआय बिलाचं शिक्षणही गेलं आणि घरकर्जही. जन्मभर साफसफाईची नि किरकोळ दुरुस्तीची कामं केली.

पत्रकार जॅक हॅमन यांनी १९८७ मध्ये याच घटनेवर टीव्हीसाठी माहितीपट केला होता. तेव्हा त्यांनी कोर्टाचा निकाल खराच धरला होता. पुढे ते आणि पत्नी लेस्ली यांनी राष्ट्रीय अभिलेखागारातली खोकी उपसली, तेव्हा जनरल कूक यांचा १९४४ चा गोपनीय चौकशी अहवाल हाती लागला. छावणीच्या अधिकाऱ्यांनी तपासाचा कसा विचका केला, पुरावे कसे घालवले, ते सगळं त्यात होतं. जवॉर्स्कींना तो बघायला मिळाला होता, बचावाच्या वकिलांना नाही. २००५ मध्ये हॅमन यांचं पुस्तक आलं. आपलीच जुनी गोष्ट चुकली हे कबूल करून पुन्हा शोधायला बसणं, हे मला त्या सापडलेल्या कागदाइतकंच मोठं वाटतं.

ऑक्टोबर २००७ मध्ये लष्कराच्या मंडळाने खटला अन्याय्य ठरवून शिक्षा रद्द केली. स्नोंना तुरुंगातल्या काळाच्या थकीत पगाराचा चेक आला, ७२५ डॉलरचा. व्याज शून्य. साठ वर्षांपूर्वीचा हिशोब, साठ वर्षांपूर्वीच्याच दराने!

२६ जुलै २००८ ला डिस्कव्हरी पार्कमध्ये समारंभ झाला. ८४ वर्षांचे स्नो फ्लोरिडाहून मुद्दाम आले होते, पण ऐन वेळी तब्येत बिघडून हॉस्पिटलात दाखल झाले. सन्मानपूर्वक सेवामुक्तीचं पत्र मुलाने स्वीकारलं आणि नेऊन वडिलांना दाखवलं. त्याच रात्री ते गेले.

तपासाचा विचका दाखवणारा कागद १९४४ पासून सरकारच्याच कपाटात होता. बचावाच्या वकिलांपर्यंत तो पोचू दिला नाही, इतकंच.

पुढच्या वेळी पार्कात गेलात तर दीपगृहाआधी पाच मिनिटं त्या दगडापाशी थांबा.

चू. भू. द्या. घ्या.