मैलागाळाचे विनॉक्सी किण्वन आणि आम्लता : माटुंगा ते डोंबिवली

१८९७ मध्ये मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणारा वायू साठवून इंजिनासाठी वापरण्यात आला. या किण्वनात जीवाणूंचा एक समूह सेंद्रिय द्रव्यापासून आम्ले तयार करतो, तर दुसरा त्यांपासून मिथेन. दुसऱ्याची वाढ मंद असून त्यास सुमारे ६.८ ते ७.२ सामू मानवतो. आम्ले साचून सामू ६.५ च्या खाली गेल्यास वायुनिर्मिती खुंटते. तेव्हा भरणा कमी करून चुना घालावा लागतो. ठाण्यास १९८२ मध्ये, तर कल्याण-डोंबिवली परिसरास १९८३ मध्ये महानगरपालिका लाभली. डोंबिवलीसारख्या रासायनिक कारखान्यांच्या शहरात आम्लयुक्त औद्योगिक सांडपाणी मैलापाण्यात मिसळू न देणे म्हणूनच अगत्याचे ठरते. अन्यथा ऊर्जेचे साधन ठरू शकणारा गाळ केवळ भार होऊन राहतो.