मालक एक, राबवणारा दुसरा

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. तरीही अमेरिकेतला गुलाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो कापसाच्या शेतातला. आज आपण त्याला भट्टीपुढे पाहू. व्हर्जिनियातील रिचमंड शहरी, जेम्स नदीच्या काठी, ट्रेडेगर नावाचा लोखंडाचा मोठा कारखाना होता. तेथे राबणाऱ्या गुलामांपैकी पुष्कळ जण कारखान्याच्या मालकीचे नव्हतेच. ते भाड्याने आणलेले होते.

आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो. तिकडे माणसे १ जानेवारीला ठरत व नाताळपर्यंत राबत. साम्य एवढेच. सालगडी आपला सौदा आपण करतो. तिथे कागद होई तो मालक आणि कारखानदार यांच्यात. भाडे मालकाला, अन्न, कपडे, जोडे, घोंगडी भाडेकऱ्याकडून. ज्याच्या घामाचा सौदा, त्याची सही नाही की अंगठा नाही. तो एका गावी, बायकोपोरे दुसऱ्या गावी! वर्षाच्या या पहिल्या दिवसाला ते लोक काळीज फाटण्याचा दिवस म्हणत, ते उगीच नव्हे.

आता यातली मेख पाहा. मालकाला माणूस जगायला हवा, कारण ती त्याची ठेव. भाडेकऱ्याला हवे फक्त वर्षाचे काम. भाड्याच्या बैलाला कोण किती जपतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून काही मालक त्याला कोळशाच्या खाणीत उतरवायचे नाही अशी अट घालीत, काही त्याच्या जिवाचा विमा उतरवीत. विम्याची रक्कम अर्थात मालकाची.

ट्रेडेगरचे चालक जोसेफ अँडरसन यांनी १८४७ सालीच गुलामांना भट्टीचे कसबी काम शिकवायला घेतले होते. गोऱ्या कारागिरांनी संप केला, तेव्हा त्यांना काढून टाकले. पुढे १८६१ साली यादवी युद्ध पेटले. गोरे कामगार फौजेत जाऊ लागले, आणि युद्धकाळात ज्या कारखान्यातून सुमारे ११०० तोफा बाहेर पडल्या त्याला माणसे कमी पडू लागली. भाड्याच्या गुलामांची मागणी वाढली. मालक मात्र कचरू लागले. रणभूमी जवळ आली की ठेव पळून जाते!

ती पळालीच. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम रात्री होडीतून मनरो किल्ल्यात आले. दक्षिणेच्या फौजेचा तोफमोर्चा बांधण्यास त्यांना लावले होते. मालकाच्या वतीने मागणी आली, तेव्हा किल्ल्यावरील सेनापती बेंजामिन बटलर, जो पेशाने वकील, त्याने त्यांना परत दिले नाही. शत्रू ज्यांना मालमत्ता म्हणतो आणि युद्धाच्या कामी वापरतो, ती मालमत्ता जप्त करता येते, असा त्याचा युक्तिवाद. त्याने त्यांना माणसे म्हणून नव्हे, जप्तीचा माल म्हणून ठेवून घेतले, ही गोष्ट आम्हांला बोचते. पण होडी वल्हवली ती त्या तिघांनीच.

६ ऑगस्ट १८६१ च्या कायद्याने हाच न्याय पुढे नेला: ज्याने आपला गुलाम बंडखोरांच्या किल्ल्यात, गोदीत वा शस्त्रशाळेत कामाला लावला, त्याचा त्या गुलामावरील हक्क बुडाला. गुलाम युद्धाच्या कामी देऊन मालक पैसा करू पाही, आणि त्याच कामापायी कायद्याने मालकी जाई.

१ जानेवारी १८६५ ला ठरलेल्या माणसांची मुदत नाताळपर्यंत होती. ३ एप्रिलला रिचमंड पडले. शहरात शिरलेल्या फौजेत काळ्या सैनिकांच्या पलटणी होत्या.