साल : शास्त्रातली आणि वेशीबाहेरची

जिवंत झाडाची साल काढणे हे आपल्याकडे एकेकाळी धर्मकृत्य मानले गेले. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी वनस्पती घेण्याचा विधी सांगितला आहे. साल घ्यायची ती शरद ऋतूत. घेणाऱ्याने उपवास करावा, शुभ्र वस्त्रे नेसावीत, देवतांचे पूजन करावे आणि पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड करावे. झाडाचे अन्न आतल्या सालीतून मुळांकडे जाते. खोडाभोवतीचे पूर्ण कडे सोलले तर झाड मरते. घेणाऱ्याचा हात आवरणारा कोणताही विधी म्हणूनच मोलाचा ठरतो. पुढे काव्यात ऋषिकन्यांची वल्कले आली, काश्मिरात भूर्जपत्रांवर ग्रंथ लिहिले गेले, आणि सालीला पावित्र्य लाभले.

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील सालीचा इतिहास मात्र वेगळाच आहे. इथल्या काळ्या रानातले झाड म्हणजे बाभूळ. तिची साल पुष्कळदा नांगर-गाड्यांसाठी तोडलेल्या झाडांची असे, आणि ती जाई ढोर-कक्कय्या समाजाच्या हौदांत. बसवेश्वरांच्या शरणमंडळातील कक्कय्यांना हा समाज आपले संत मानतो. चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे कुटलेल्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मुरत पडे. मग त्याची पिशवी शिवून, तीत सालीचे पाणी भरून ती टांगत. पाणी कातड्यातून झिरपे, पुन्हा भरले जाई. ऋतू, प्रमाण, हाताचा अंदाज या साऱ्यांची पारख इथेही होती. ती कोणी संहितेत लिहिली नाही.

विसंगती अशी, की गुण एकच होता. बाभळीच्या सालीतला तुरटपणा सैल हिरड्या आवळतो, तोच कातडे टिकाऊ करतो. वैद्याच्या काढ्यात ती साल औषध ठरली, हौदात मात्र विटाळ ठरली. तरीही त्या हौदातून निघालेल्या कातड्याची मोट गावाच्या विहिरीवर चाले आणि तिच्या पाण्यावर मळे पिकत. गावाला मोटेचे पाणी चालले. ती मोट घडवणारा हात चालला नाही.

पुढे कालवे आणि इंजिने-पंप आले. मोटा विहिरीवरून उतरल्या. भाषेने मात्र एक साक्ष जपली आहे. मराठीत धन कमावतात, शरीर कमावतात आणि कातडेही ‘कमावतात’. या तिन्हींतले कातड्याचे कमावणेच काय ते आपण प्रतिष्ठेबाहेर ठेवले. सालीच्या कलेचा इतिहास लिहायचा, तर वल्कलाइतकाच त्या हौदाचाही लिहावा लागेल.