क्राउन फाउंटन
शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील, जाउमे प्लेन्सा या बार्सिलोनाच्या शिल्पकाराची व्हिडिओ-शिल्पकृती (२००४). काळ्या ग्रॅनाइटवरच्या उथळ पाण्याच्या दोन टोकांना काचेच्या विटांचे सुमारे १५ मीटर उंच मनोरे समोरासमोर उभे असून, त्यांच्या एलईडी पडद्यांवर सुमारे १,००० शिकागोकरांचे चेहरे आळीपाळीने दिसतात. चेहरा ओठांचा चंबू करतो आणि खरीखुरी धार खाली ताटकळलेल्या मुलांवर कोसळते. ही कला नव्हे, नुसती जलक्रीडा, असा आक्षेप घेता येईल. परंतु युरोपीय कारंज्यांत जिथे देवतांची किंवा राक्षसांची मुखे असत, तिथे प्लेन्साने सामान्य नागरिक बसवला, आणि हा आशय भिजणाऱ्या गर्दीवाचून अपुराच राहतो. २००६ मध्ये मनोऱ्यांवर बसवलेले टेहळणी कॅमेरे लोकांच्या नाराजीमुळे उतरवावे लागले, इतकी ही जागा त्यांनी आपली मानली होती.