खोक्यातलं खोटं बिल

आजचा भाग बुटांवर आहे. हसू नका, इतिहासच सांगतोय.

गेल्या महिन्यात मी स्नीकर्सचा एक जोड घेतला. पांढरा-लाल-काळा, घोट्याच्या वर येणारा एअर जॉर्डन १. मूळ बूट १९८५चा. माझा जोड म्हणजे २०२२ साली निघालेली त्याची रेट्रो आवृत्ती, नाव 'लॉस्ट अँड फाउंड'. खोकं उघडलं तर घोट्याजवळचं काळं चामडं तडकलेलं, सोलची कड पिवळट, झाकण एका रंगाचं आणि खोकं दुसऱ्या. आत जुन्या अमेरिकन दुकानातलं वाटावं असं एक बिलही होतं. हे सगळं कारखान्यातच केलेलं. माल कोरा करकरीत, पण कुणाच्या तरी गोदामात तीस-पस्तीस वर्षं पडून होता असं वाटलं पाहिजे.

आईनं चष्मा लावून ते बिल उलटसुलट पाहिलं. म्हणाली, "म्हणजे बूट नवा आणि बिल खोटं? कितीला पडला?" मी निम्मी किंमत सांगितली.

आता हा बूट एवढा मोठा कसा झाला, ते बघू. मायकेल जॉर्डन १९८४ साली शिकागो बुल्सकडून खेळायला लागला. २५ फेब्रुवारी १९८५ रोजी एनबीएनं नायकीला पत्र लिहून त्याचे काळे-लाल बूट नियमात बसत नाहीत असं कळवलं. नायकीनं त्याचीच जाहिरात केली, की बंदी घातलेला बूट आम्ही तुम्हाला विकतोय! गंमत अशी, की जुने फोटो तपासणारे अभ्यासक म्हणतात, त्या वेळी त्याच्या पायात जॉर्डन १ नव्हताच. बहुधा एअर शिप नावाचं दुसरं मॉडेल होतं. म्हणजे जी आठवण आज विकली जाते, तिच्यात पहिल्या दिवसापासून थोडी भेसळ आहे.

पहिला रेट्रो आला १९९४ साली. जॉर्डन तेव्हा निवृत्ती घेऊन बेसबॉल खेळत होता. नायकीला वाटलं, लोक तुटून पडतील. पण माल पडून राहिला आणि सवलतीत काढावा लागला. का? नऊ वर्षांपूर्वीची वस्तू ही फक्त जुनी असते. तिची ओढ लागायला ती घेऊ न शकलेली मुलं मोठी व्हावी लागतात, कमवती व्हावी लागतात. ती झाली, आणि मग दर वर्षी जुनी मॉडेलं परत यायला लागली. मे २०२० मध्ये तर १९८५चा, खुद्द जॉर्डननं सामन्यात वापरलेला जोड लिलावात ५,६०,००० डॉलरला गेला.

कुणी म्हणेल, मग जुनाच जोड शोधून का घालत नाही? पुष्कळ जुन्या स्नीकर्सच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो आतून कुजतो. बूट न वापरता खोक्यात ठेवला तरीही. वीस-पंचवीस वर्षांनी पायात घालायला जावं, तर चार पावलांत भुगा. आपल्या मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका.

आता माझं १९८५. लालबागची चाळ, मी तिसरीत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि माझ्या बाबांसारख्या कित्येकांना परत आत जाताच आलं नाही. शाळेत शनिवारी पीटीला पांढरे कॅनव्हासचे बूट लागायचे. माझ्याकडे नव्हते, म्हणून मी भिंतीला टेकून उभा असायचो. मग एक दिवस बाबा जोड घेऊन आले. दोन नंबर मोठा. पुढे कागद कोंबून, वर खडू घासून मी ते दोन वर्षं ओढले. धावताना टाच निसटायची, पोरं हसायची. बाबांना पोराच्या पायाचं मापही ठाऊक नाही, हा राग माझ्या मनात कायम राहिला. ते गेले तेव्हाही होता.

जॉर्डन मला दिसला तो पुढे चाळीत केबल आल्यावर. तेव्हा त्याचे बूट बघून वाटायचं, हे पायात असते तर कोण हसलं असतं? परवाचा जोड त्या मुलासाठी घेतला होता.

हे मी आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, ते विकत कुठे आणले होते! मी खानावळ चालवायचे ना, त्यात एक फुटपाथवर चपला विकणारा जेवायला होता. त्याचे पैसे थकले. तुझे बाबा त्याच्याकडे तीनदा गेले. शेवटी तो म्हणाला, यातला कुठला पाहिजे तो जोड न्या. पोराच्या मापाचा त्याच्याकडे नव्हता. लहान आणला तर चालणार नाही, मोठा चालेल, म्हणून मोठा आणला."

चाळीस वर्षं मी चुकीचा इतिहास घेऊन फिरत होतो, मंडळी. नव्या जोडाचं खोटं बिल माझ्याकडे आहे. त्या कॅनव्हासच्या बुटांचं बिल कधी झालंच नाही.

बूट परत केले का? नाही. छान आहेत, घालतो. फक्त माप अगदी बरोबर आहे, ते अजून थोडं चुकल्यासारखं वाटतं. आणि आईला खरी किंमत अजून सांगितलेली नाही. हा भाग ती ऐकते, तेव्हा आता कळेलच.

तुमच्या घरातल्या अशा एखाद्या वस्तूची गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.