ऑर्कुटवरची आपली दहावी 'ब'

स्मरणिकेच्या बैठकीत 'आपण पुन्हा कसे जमलो' हा लेख माझ्या वाट्याला आला. कारण एकच, मी कॉम्प्युटरवाली. बहुतेकांना वाटतं की 1997 ची दहावी 'ब' एकत्र आली ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपमुळे. ते खरं नाही. त्याच्या कितीतरी आधी आपण, म्हणजे जे सापडले ते, ऑर्कुटवर भेटलो होतो. तिथलं आता काहीच शिल्लक नाही, म्हणून आठवतं तेवढं लिहून ठेवते.

ऑर्कुट 24 जानेवारी 2004 ला सुरू झालं. गूगलमधल्या ऑर्कुट ब्युकॉक्तेन या तुर्की इंजिनिअरनं ते बनवलं आणि त्याचंच नाव त्याला मिळालं. सुरुवातीला कुणाच्या तरी आमंत्रणाशिवाय आत जाता येत नसे. ही साइट बनली अमेरिकेत, पण तिला डोक्यावर घेतलं ते ब्राझीलच्या लोकांनी आणि आपण. मला आमंत्रण 2005 मध्ये मिळालं, पुण्यातल्या पहिल्या नोकरीत शेजारी बसणाऱ्या मुलाकडून. इंजिनिअरिंगची डिग्री होती, सर्व्हर कसा चालतो ते ठाऊक होतं, पण 'स्वतःबद्दल लिहा' या चौकटीसमोर अर्धा तास नुसती बसून राहिले. शेवटी लग्नाच्या बायोडेटात लिहितात तसंच लिहिलं, फक्त उंची गाळली. फोटो म्हणून पासपोर्टचा फोटो स्कॅन करून लावला. आपल्या निम्म्या मुलांनी तर नटांचे, नाहीतर मोटारसायकलींचे फोटो लावले होते. कोण कुठला हे कळायला शाळेतलं टोपणनाव विचारावं लागे.

स्क्रॅपबुक आम्हांला पत्रासारखं वाटलं होतं. प्रत्यक्षात तो चावडीवरचा फळा होता, येणारा-जाणारा कुणीही वाचू शकत असे. एका मैत्रिणीनं माझ्या स्क्रॅपबुकात "कालचे कांदेपोहे कसे झाले?" असं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी आख्ख्या टीमनं मला मुलाचा पगार विचारला! उत्तर द्यायचं तर समोरच्याच्या स्क्रॅपबुकात जाऊन लिहायचं. त्यामुळे दोघांचं बोलणं वाचायला दोन खिडक्या उघडून ताळमेळ लावावा लागे. गुपित सांगायला मग लोकांनी एक युक्ती काढली. टेस्टिमोनिअल, म्हणजे मित्राबद्दलचे चार चांगले शब्द, तो मित्र मंजूर करेपर्यंत इतरांना दिसत नसत. खाजगी मजकूर त्यातच लिहायचा आणि शेवटी टीप द्यायची, 'मंजूर करू नकोस'.

शाळेच्या नावाची कम्युनिटी आपल्या मॉनिटरनं काढली. पहिल्या वर्षभरात 'ब' चे तीसेक जण आले. त्यात मुली किती? आम्ही चौघी. तेव्हा सगळ्यांनी मुलींना कॉम्प्युटरची आवड नसते असा निष्कर्ष काढला, आणि खोटं कशाला बोलू, मीही मान डोलावली. नाव टाकून माणूस शोधायची सोय होती, पण मुलींचं कुठलं नाव टाकायचं? मुलं हजेरीपटावर होती तशीच होती. मुलींची आडनावं बदललेली, आणि काहींचं तर ताटातल्या तांदळात पहिलं नावही नवं लिहिलेलं.

बाकावरची माझी जोडीदारीण सापडली ती केवळ तिनं खातं माहेरच्या नावानं उघडलं होतं म्हणून. गणितात ती माझ्या पुढे होती, तुम्हां सगळ्यांना आठवत असेल. बारावीनंतर लगेच लग्न होऊन ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली. आठवड्यातून एकदा भाजीला म्हणून निघायची आणि एस.टी. स्टँडजवळच्या कॅफेत तासाला वीस रुपये देऊन बसायची. आम्ही मराठी रोमन अक्षरांत लिहायचो, ऑर्कुटवर देवनागरीची सोय नंतर आली. बरंचसं अंदाजानंच वाचावं लागे. एकदा तिचा स्क्रॅप आला, मी वाचलं, 'मान दुखतेय'. मी तिला मानेचे तीन व्यायाम लिहून पाठवले. तिनं उत्तरादाखल एक हसरा चेहरा पाठवला. रोमन लिपीत 'मान' आणि 'मन' एकाच स्पेलिंगनं लिहितात, हे मला तेव्हा सुचलं नाही.

2007 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत एका सोळा वर्षांच्या मुलाचं अपहरण होऊन खून झाला. त्या बातम्यांत ऑर्कुटवरच्या ओळखीचा उल्लेख होता आणि घरोघरी धसका बसला. माझ्या बाबांनी फोन करून विचारलं, "त्यावर तूपण आहेस का गं?" माझं विचारण्यावर निभावलं. तिचं कॅफेत जाणंच बंद झालं. 'आता जमेलसं वाटत नाही' एवढाच तिचा शेवटचा स्क्रॅप.

पुढे मी फेसबुकवर गेले. 2010 मध्ये भारतात फेसबुकनं ऑर्कुटला मागे टाकलं, त्या लाटेत आपले बहुतेक सगळेच तिकडे गेले. ऑर्कुटचं खातं कुणी बंद केलं नाही, फक्त तिकडे फिरकणं थांबलं. मग 30 जून 2014 ला गूगलनं जाहीर केलं की 30 सप्टेंबरला ऑर्कुट बंद होणार. ऑफिसात मी सगळ्यांना बॅकअपवरून बोलणारी, पण माझं स्वतःचं खातं शेवटच्या आठवड्यात उघडलं. मंजुरीसाठी थांबलेलं एक टेस्टिमोनिअल होतं. तिचं. मार्च 2010 मधलं.

"मी पुण्याला येतेय, बहुतेक कायमची. नोकरी बघशील का? टायपिंग शिकलेय, हिशोब येतो. खाली नंबर आहे. मंजूर करू नकोस."

नंबर लावला. तो तोवर दुसऱ्याच कुणाला मिळाला होता, त्यांनी दोनदा 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवला. मार्च 2010 मध्ये मी पुण्यातच होते. कोथरूडला दोन खोल्यांत राहत होते आणि रात्री जागून फार्मव्हिलमध्ये वांगी लावत होते.

फेसबुकवर तिला माहेरच्या, सासरच्या, दोन्ही नावांनी शोधलं. 2015 मध्ये आपला व्हॉट्सॲप ग्रुप झाला तेव्हा पुन्हा विचारलं. हजेरीपटावरच्या 61 पैकी आज 49 जण ग्रुपमध्ये आहेत. उरलेल्या बारांत अकरा मुली आहेत. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर त्या सगळ्यांची नावं हजेरीपटावर होती तशी, माहेरची, छापायचं आपण ठरवलंय. मुलींच्या यादीत वरून सातवं नाव तिचं आहे. तुमच्या नात्यात, सोसायटीत, मुलांच्या शाळेत तिच्यासारखी कुणी दिसली, तर ती सध्या कुठलं नाव लावते ते मला कळवा. रात्री कितीही वाजता फोन केलात तरी चालेल.